पाळीव लाव्यांचा घराबाहेरील निवारा

पाळीव लाव्यांचा घराबाहेरील निवारा म्हणजे अंगणात, परसात किंवा मळ्यात लावा हा लहान पक्षी ठेवण्यासाठी उभारलेले जाळीचे बंदिस्त घर. लाव्याला बटेर असेही म्हणतात. भारतात पाळला जातो तो मुख्यतः जपानी लावा (कोटर्निक्स जॅपोनिका). तो १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून भारतात आणला गेला आणि उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे अनेक वाण विकसित केले. कोंबड्यांचे खुराडे लाव्यांनाही चालते, असा समज आढळतो. मात्र या पक्ष्याचा स्वभाव वेगळा असल्याने अशा खुराड्यात त्याच्या जिवाला धोका असतो.

स्वभाव व छताची उंची

लावा जमिनीवर राहणारा पक्षी आहे. तो कोंबडीप्रमाणे दांडीवर बसून झोपत नाही. धोका जाणवल्यास तो आधी गवतात दबून बसतो आणि शत्रू अगदी जवळ आला की एकदम सरळ वर उसळतो. रानात ही सवय त्याचा जीव वाचवते. पिंजऱ्यात मात्र तो छतावर आदळतो व डोक्याला किंवा मानेला जबर इजा होते. म्हणून छत २५ ते ३० सेंटिमीटर इतके ठेंगणे ठेवतात, म्हणजे उसळीला वेग येत नाही. किंवा ते माणूस उभा राहील इतके उंच ठेवून त्याखाली मऊ जाळी अथवा कापड सैलसर ताणतात. यांमधली उंची सर्वांत घातक ठरते.

जागा व जमीन

हौसेने पाळलेल्या प्रत्येक पक्ष्यास सुमारे ९०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे अंदाजे एक चौरस फूट जागा द्यावी. एका नरासोबत दोन ते चार माद्या ठेवतात; अपुऱ्या जागेत नर एकमेकांना चोचीने रक्तबंबाळ करतात. नुसत्या तारेच्या तळामुळे पायांना जखमा होतात, त्यामुळे भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरतात. उसाचा भुसा वापरायचा असल्यास तो पूर्ण वाळलेला असावा. ओलसर भुशात बुरशी वाढते आणि ती पक्ष्यांच्या फुप्फुसात शिरते. पिसे स्वच्छ राहण्यासाठी कोरड्या मातीचे किंवा वाळूचे उथळ भांडे ठेवावे. लावे त्यात धूळस्नान करतात. लपण्यास आडोसा असल्यास ते कमी बिथरतात. पिल्ले बुडू नयेत म्हणून पाण्याच्या भांड्यात खडे घालतात.

हवामान : सोनईचे उदाहरण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील सोनई हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. येथे उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तर हिवाळ्यातील रात्री थंड असतात. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे हे उष्म्याच्या त्रासाचे लक्षण होय. अशा ठिकाणी निवाऱ्याची पश्चिम बाजू बंद व पूर्व बाजू जाळीची ठेवणे हिताचे असते. त्यामुळे दुपारनंतरचे ऊन आणि पावसाळी वाऱ्याचे सपकारे, दोन्ही एकाच भिंतीने अडतात. पत्र्यावर चुना देऊन उसाच्या पाचटाचा थर घातल्यास उष्णता कमी होते. दुपारी बाजूंना ओली गोणपाटे टांगतात, मात्र वारा खेळता असावा. कोंदट जागेत ओलाव्याने त्रास उलट वाढतो. ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवण्याची प्रथा लक्षात घेऊन निवारा बांधापासून दूर असावा. धूर पक्ष्यांच्या नाजूक श्वसनसंस्थेला अपायकारक असतो आणि पाचटाच्या छपराला ठिणगीचे भय असते.

भक्षकांपासून संरक्षण

बागायती भागात उसाचे फड मुंगूस, रानमांजर व साप यांना आश्रय देतात. घराजवळ मांजर, कुत्रा, उंदीर आणि घूस असतात. षट्कोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी कुत्रा फाडू शकतो आणि तिच्या मोठ्या भोकांतून साप शिरतो. त्यामुळे सुमारे १२ मिलिमीटर भोकांची वेल्डेड जाळी वापरतात. ती जमिनीत ३० सेंटिमीटर पुरून टोक बाहेरच्या बाजूस वळवल्यास उकरून आत शिरता येत नाही. भिंतीचा खालचा भाग फळीने झाकावा, नाहीतर मांजर जाळीतून पंजा घालून पक्ष्याला ओढते. दाराला नुसता आकडा पुरेसा नसतो, कडी-कोयंडा लावावा. उंच पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत.

स्वच्छता व रोग

ओल्या विष्ठेतून अमोनिया निघतो व डोळे, श्वासनलिका यांना त्रास होतो. म्हणून ओला भुसा लगेच काढतात. लावे आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत, कारण त्यांच्यात रोगांची देवाणघेवाण होते. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदला गेला. हा रोग लाव्यांनाही होतो. वरून रानपक्ष्यांची विष्ठा दाण्या-पाण्यात पडू नये, यासाठी छत पूर्ण बंद असावे. एकाएकी अनेक पक्षी दगावल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

कायदेशीर बाजू

माळरानांवर आढळणाऱ्या रानलाव्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांना फासे किंवा जाळी लावून पकडणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पाळण्यासाठीचे पक्षी अधिकृत पैदास केंद्रातूनच घ्यावे लागतात. पाळीव जपानी लावे मोकळे सोडणेही योग्य नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्यांचा रानात सहसा निभाव लागत नाही.