वारी, ऊस आणि वॉकीटॉकी: रेंज गेल्यावर काय चालतं?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

विषय आहे वॉकीटॉकी. यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. जंगलात जातात, हातात छोटा सेट, बटण दाबलं की गप्पा सुरू. तिथे या प्रकाराला जीएमआरएस म्हणतात. 35 डॉलर भरायचे, परीक्षा नाही, 10 वर्षांचं लायसन्स, आणि त्यात अख्खं घर येतं. 462 आणि 467 मेगाहर्ट्झच्या आसपासची चॅनल, हातातला सेट 5 वॅटपर्यंत. हे बघून वाटतं, चला, आपणही दोन मागवू.

जरा थांबा. ते लायसन्स अमेरिकेचं आहे. भारतात जीएमआरएस नावाची सेवाच नाही.

गरज मात्र खरी आहे

मोडनिंबपासून पंढरपूर तीसेक किलोमीटर. आषाढीला तिथे लाखो लोक जमतात, सगळ्यांच्या खिशात फोन, आणि टॉवर तेवढेच. फुल रेंज दिसते पण कॉल लागत नाही. दिंडीतली म्हातारी माणसं मागे राहिली तर पुढच्या टेम्पोला कळवायचं कसं?

दुसरी गोष्ट मळ्यातली. रात्रपाळीची लाइट आली की कुणीतरी मोटार चालू करायला जातं. उसाच्या पलीकडे फोनला एक कांडी रेंज. विंचूकाटा, साप, काहीही होऊ शकतं. घर एक किलोमीटरवर, पण हाक पोचत नाही. अशा ठिकाणी टॉवरवर अवलंबून नसलेलं साधन हवं.

कायद्यात काय बसतं?

आपल्याकडे बिनपरवाना वायरलेस सेट बाळगणं 1933 च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. पण काही पट्टे सरकारने मोकळे केलेत. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी लायसन्सशिवाय खुला झाला. युरोपात हाच पट्टा पीएमआर 446 नावाने चालतो. ताकद अर्धा वॅट, चॅनल 16.

मग ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला 5 वॅटचा सेट 446 वर लावला तर? तरी नाही चालत. सूट त्या सेटला आहे, जो फक्त त्याच पट्ट्यात आणि ठरलेल्या ताकदीतच चालतो. कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलू शकणारा सेट चुकून दुसऱ्या कुणाच्या, अगदी आपत्कालीन यंत्रणेच्याही, संभाषणात घुसू शकतो. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे सेट विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या आणि विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही आणल्या. घेताना दोन गोष्टी बघा: फ्रिक्वेन्सी स्पष्ट लिहिलीय का, आणि ईटीए म्हणजे उपकरणाची सरकारी मंजुरी आहे का. विक्रेता नुसतं ‘लाँग रेंज’ म्हणत असेल तर पुढे चला.

अर्ध्या वॅटात काय होणार?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. ताकद दहापट केली म्हणजे अंतर दहापट होत नाही. मोकळ्या अवकाशात ते जेमतेम तिप्पट होतं, आणि जमिनीलगत त्याहून कमी. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे खरा खेळ उंचीचा आहे.

सोपं गणित: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा. तेवढे किलोमीटर त्या सेटचं क्षितिज. दोन्ही बाजूंची बेरीज करा. दोघं जमिनीवर उभे, सेट दीड मीटरवर, तर बेरीज 10 किलोमीटर. एकजण 9 मीटर उंच स्लॅबवर गेला की तीच बेरीज 17 च्या पुढे.

पण ही झाली कागदावरची मर्यादा. मध्ये घरं, झाडं, चढउतार आले की अर्ध्या वॅटचा सेट मोकळ्या रानात एक-दोन किलोमीटर आणि गावात त्याहूनही कमी धरून चाला. ओला, डोक्यावरून गेलेला ऊस तर लहरी चक्क पितो. फडाच्या आत उभं राहून बोलू नका, बांधावर या. जमलं तर ट्रॉलीवर चढा.

बोलायची शिस्त

एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं: “आबा, आबा, विहिरीवरून दादा बोलतोय, ओव्हर.” गंमत वाटते, पण दिंडीत दहा सेट असले की यामुळेच गोंधळ टळतो.

आणि सेटवर ‘प्रायव्हसी कोड’ असतो ना, त्याने काही गुपित राहत नाही. तो फक्त तुमच्या सेटवर दुसऱ्यांचा आवाज दाबतो. तुमचं बोलणं त्या चॅनलवरचा कुणीही ऐकू शकतो. पैसे, पत्ता, मुली कुठे उतरल्यात, हे रेडिओवर नको.

याहून पुढे जायचं असेल तर

हॅम रेडिओ. परीक्षा देऊन लायसन्स मिळतं, वय किमान 12 हवं, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोप पोचवायचं काम केलं होतं. धंद्यासाठी मात्र हॅम वापरता येत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं

वॉकीटॉकीवरून 112 लागत नाही. म्हणून एक माणूस नेमा, जो उंचावर बसेल, जिथे फोनला रेंज आहे आणि सेटही ऐकू येतो. मळ्यातून किंवा दिंडीतून हाक आली की तो फोन लावेल. दिंडी निघायच्या आदल्या दिवशी सेट चार्ज करा, चॅनल ठरवा आणि गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत एकदा बोलून बघा. आवाज कुठे तुटतो ते एका कागदावर लिहा आणि तो कागद प्रत्येक सेटवाल्याला द्या.