साहेबांबद्दल खरं कोण सांगणार?

अमेरिकेत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचं मतसर्वेक्षण 2002मध्ये सुरू झालं आणि 2010पासून वार्षिक झालं. प्रश्नावलीची लिंक कार्यालयीन ई-मेलवरच येते, आणि गोम इथेच आहे. वरिष्ठांवर विश्वास आहे का, या प्रश्नाला ऑफिसच्याच संगणकावरून मोकळेपणानं उत्तर कोण देईल? नाव गाळलं तरी विभाग, वय, हुद्दा जुळवले की माणूस सापडतो. म्हणून दहापेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचे निकाल वेगळे दिले जात नाहीत. 2019मध्ये सुमारे 43 टक्के लोकांनीच उत्तरं दिली. उरलेल्यांची भरपाई संख्याशास्त्रीय भारांक देऊन काही अंशी होते. पण गप्प बसलेले नेमके नाराजच असतील, तर भारांकही फारसे उपयोगी पडत नाहीत. अशा सर्वेक्षणाची बातमी वाचताना आधी प्रतिसादाचं प्रमाण शोधा.