सहा मिलिग्रॅमची वेळ

2021 च्या एप्रिल-मेमध्ये बडोद्याच्या गोत्री भागातलं जीएमईआरएस मेडिकल कॉलेजचं रुग्णालय कोविडच्या रुग्णांनी भरलं होतं. ती लाट ओसरते न ओसरते तोच तिथे आणि शहरातल्या सयाजी रुग्णालयात वेगळीच माणसं येऊ लागली. कोविडमधून उठलेली, पण कुणाचा गाल बधिर, कुणाचा डोळा सुजलेला, कुणाच्या नाकातून काळपट स्राव. हा म्युकरमायकोसिस. वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटलं. खरं तर काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मेलेल्या पेशींची जागा. 20 मे रोजी गुजरात सरकारने तो साथरोग म्हणून जाहीर केला. जूनअखेर देशात 40,845 रुग्ण नोंदले गेले, सर्वाधिक महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये. त्यांपैकी 64 टक्क्यांना मधुमेह होता आणि जवळपास 53 टक्के जणांनी स्टेरॉइड घेतलं होतं.

दुसऱ्या आकड्याने लोक हादरले, कारण कोविडमध्ये मृत्यू कमी करणारं म्हणून सिद्ध झालेलं पहिलं औषध स्टेरॉइडच होतं. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं, की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, तेही जास्तीत जास्त दहा दिवस, दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू 41.4 वरून 29.3 टक्क्यांवर येतात. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत ते 26.2 वरून 23.3 वर आले. काही रुपयांत मिळणारी, साठ वर्षांहून जुनी गोळी! त्याच महिन्यात आपल्या आरोग्य मंत्रालयानेही तिला उपचारांत जागा दिली.

पण चाचणीच्या निकालांच्या तक्त्यात तिसरी ओळही होती. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांच्यात औषध न घेणाऱ्यांपैकी 14 टक्के दगावले, घेणाऱ्यांपैकी 17.8 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे स्पष्ट होतं. माझ्या मते साऱ्या चाचणीतली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेलं.

ती तशी का आली, हे स्टेरॉइड काय करतं त्यावरून कळतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम कॉर्टिसोल बनवतात, पहाटे जास्त, रात्री अगदी कमी. हे संप्रेरक पेशीत शिरून एका ग्राहक प्रथिनाला चिकटतं, त्याच्यासह केंद्रकात जातं आणि दाह पेटवणाऱ्या जनुकांचं काम दाबतं. सूज, ताप, वेदना घडवणारी रसायनं कमी तयार होतात. डेक्सामेथासोन हेच काम कैक पटींनी जोरात करतं. त्याचे 6 मिलिग्रॅम म्हणजे शरीराच्या रोजच्या कॉर्टिसोलच्या किमान आठ-दहापट. विषाणूला ते हातही लावत नाही. कोविडच्या पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि त्याला रोखायला प्रतिकारशक्ती लागते, तेव्हा तिलाच बसवून ठेवणं घातक. दुसऱ्या आठवड्यात मात्र फुप्फुसं पोखरतो तो बहुतांशी आपलाच अनावर दाह. औषधाची वेळ तेव्हाची.

2021 च्या लाटेत ही वेळ अनेकांनी पाळली नाही. ताप आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिथाईलप्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड सुरू. व्हॉट्सॲपवर एका नातेवाइकाची चिठ्ठी दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे. पाच दिवसांची गोळी तीन आठवडे चालली. ताप उतरायचा, भूक लागायची, बरं वाटायचं, म्हणून कुणाला शंकाही यायची नाही.

या सगळ्यात साखर मागे राहिली. स्टेरॉइड यकृताला जास्त ग्लुकोज तयार करायला लावतं आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट करतं. सकाळी प्रेडनिसोलोन घेतलं, तर साखर सहसा दुपारनंतर चढते. उपाशीपोटी तपासली की 110, आणि संध्याकाळी तोच माणूस 350 वर! फक्त सकाळचा आकडा पाहणाऱ्याला हे कळतच नाही. चढलेली साखर, दबलेली प्रतिकारशक्ती आणि कोविडने सुटं केलेलं लोह, म्युकरला आणखी काय हवं? मधुमेह ठाऊक नसलेल्या माणसांचं प्रमाण आपल्याकडे मोठं आहे, हेही विसरून चालणार नाही.

वेळ आणि जागा चुकण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता असेल तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात. हे गावपातळीवर पोचवून पाहणारी एक मोठी चाचणी सहा देशांत झाली, त्यात नागपूर आणि बेळगावही होतं. 2015 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सगळे चकित झाले. लहानखुऱ्या बाळांचे मृत्यू कमी झाले नव्हतेच, उलट एकूण नवजात मृत्यू हजारामागे 3.5 ने वाढले होते. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेकींची बाळं तेवढी लहान निघालीच नव्हती. मग भारतासह पाच देशांत, बेळगावच्या संशोधकांसह, नवी चाचणी झाली. या वेळी फक्त रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस मोजून, बाळाची देखभाल करता येईल अशाच ठिकाणी. नवजात मृत्यू 23.5 वरून 19.6 टक्क्यांवर आले. फायदा इतका ठळक होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली. औषध तेच होतं.

2021 नंतर एक उलटी चूक दिसते, ती मला तितकीच चिंतेची वाटते. ‘स्टेरॉइड आहे ना त्यात?’ म्हणून दम्याची माणसं इनहेलर बंद करतात. महिनोन् महिने प्रेडनिसोलोन घेणारी संधिवाताची बाई एके दिवशी पाकीटच फेकून देते. हे तर जिवावर बेतू शकतं, कारण बाहेरून मिळणाऱ्या गोळीमुळे अधिवृक्क ग्रंथी थंडावलेल्या असतात. डोस हळूहळूच उतरवावा लागतो. इनहेलरचा तर हिशेबच वेगळा. ब्युडेसोनाइडच्या नेहमीच्या एका फवाऱ्यात 200 मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे वजनाने प्रेडनिसोलोनच्या 40 मिलिग्रॅम डोसचा दोनशेवा हिस्सा, आणि तेही थेट श्वासनळीत. फवाऱ्यानंतर चूळ भरायची, एवढंच पथ्य. नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे डाग येतात.