पदाची पत आणि बाजारातला भाव

सार्वजनिक पदावरील व्यक्तीला त्या पदातून पैसा मिळवण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग असतात. पहिल्यात ती पदामुळे हाती आलेल्या गोपनीय माहितीच्या आधारे शेअर घेते किंवा विकते, दुसऱ्यात स्वतःची गुंतवणूक असलेल्या उद्योगाच्या सोयीचा निर्णय घेते. तिसऱ्यात मात्र ती कोणतेही गुपित फोडत नाही की कोणत्या फाइलवर सही करत नाही. एखादी गुंतवणूक चांगली असल्याचे जाहीरपणे सुचवते आणि लोकांच्या खरेदीने चढलेल्या भावाचा फायदा स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत उचलते. पहिल्या दोन मार्गांवर अनेक देशांत कायद्याचा पहारा आहे. तिसरा किती मोकळा आहे, हे ‘मीम कॉइन’मुळे उघड झाले.

मीम कॉइन म्हणजे इंटरनेटवरील एखाद्या विनोदाच्या किंवा प्रसिद्ध व्यक्तीच्या नावावर काढलेले आभासी नाणे. शेअरमागे कंपनीचा नफा आणि रोख्यामागे व्याजाची हमी असते. या नाण्यामागे मागणीखेरीज काहीच नसल्यामुळे ज्याच्या शब्दाने मागणी वाढते, त्याचा शब्द हेच त्याचे भांडवल ठरते. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्जेंटिनाचे अध्यक्ष हाविएर मिलेई यांनी ‘लिब्रा’ या नाण्याची माहिती समाजमाध्यमावर दिली, तेव्हा त्याचे बाजारमूल्य पाहता पाहता ४ अब्ज डॉलरच्या पुढे गेले आणि सुरुवातीच्या धारकांनी पैसे काढून घेताच काही तासांतच कोसळले. मिलेई यांनी मजकूर काढून टाकला व आपण नाण्याचा प्रचार केला नाही, फक्त माहिती पसरवली, असा खुलासा केला. पुढे तेथील भ्रष्टाचारविरोधी कार्यालयानेही तो मजकूर वैयक्तिक स्वरूपाचा मानून नीतिनियमांचा भंग झाला नसल्याचा निष्कर्ष काढला.

अमेरिकेत प्रश्न अधिक थेट आहे. डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचे नाणे त्यांच्या शपथविधीच्या तीन दिवस आधी, १७ जानेवारी २०२५ रोजी बाजारात आले. एकूण १ अब्ज नाण्यांपैकी ८० टक्के त्यांच्याशी संलग्न कंपन्यांकडे राखून ठेवलेली होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वाधिक नाणी बाळगणाऱ्या २२० जणांना अध्यक्षांसोबत भोजनाचे निमंत्रण मिळाले, म्हणजे नाणे विकत घेणे हीच भेटीची पात्रता ठरली. अध्यक्षांची मालमत्ता मुले सांभाळत असल्याने हितसंबंधांचा संघर्ष उद्भवत नाही, अशी व्हाइट हाउसची भूमिका आहे. अमेरिकी संघराज्य सरकारच्या सामान्य कर्मचाऱ्याला पदाचा वापर करून कोणत्याही उत्पादनाची शिफारस करता येत नाही. हा नियम अध्यक्ष व उपाध्यक्षांना मात्र लागू होत नाही. अध्यक्ष, संसद सदस्य, वरिष्ठ अधिकारी आणि त्यांच्या निकटच्या कुटुंबीयांना अशी मालमत्ता काढण्यास किंवा तिची भलावण करण्यास बंदी घालणारे विधेयक प्रतिनिधी सॅम लिकार्डो यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडले.

भारतातही केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ सरकारी कर्मचाऱ्याला शेअरच्या सट्ट्यापासून आणि कुटुंबीयांच्या विमा किंवा कमिशन एजन्सीसाठी गिऱ्हाईक जमवण्यापासून रोखतात. मंत्र्यांना हे नियम नव्हे, तर स्वतंत्र आचारसंहिता लागू होते.

अर्थमंत्र्याने सरकारी रोखे सुरक्षित असल्याचे सांगणे हे त्याचे कर्तव्यच असल्यामुळे बंदी बोलण्यावर सरसकट घालता येणार नाही. बोलणाऱ्याचा त्या मालमत्तेच्या भावात किंवा विक्रीच्या शुल्कात वाटा आहे का, एवढीच कसोटी पुरेशी आहे. केवळ माहिती जाहीर करण्याची सक्ती इथे अपुरी पडते. अमेरिकेच्या २०१२ च्या ‘स्टॉक’ कायद्याने संसद सदस्यांना शेअर व्यवहार कळवण्यासाठी ४५ दिवसांपर्यंत मुदत दिली आहे, आणि ‘लिब्रा’ला चढून कोसळायला एक रात्रही पुरली.