तुटक झोप आणि जुनं दुखणं

कंबर दुखते, मान आखडते, त्यामुळे रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, ही तक्रार अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कुठल्याही दवाखान्यात रोज ऐकू येते, आणि ती खरी असते. पण गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने तिची दुसरी बाजूही उजेडात आणली आहे. झोप बिघडली की धडधाकट माणसाचंही अंग दुखू लागतं आणि आधीपासूनचं दुखणं जास्त छळतं. 2013 मध्ये फिनन, गुडिन आणि स्मिथ या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. दुखण्यावरून उद्याच्या झोपेचा अंदाज बांधण्यापेक्षा झोपेवरून उद्याच्या दुखण्याचा अंदाज अधिक भरवशाने बांधता येतो, असं त्यांना आढळलं.

टोरांटोचे मानसोपचारतज्ज्ञ हार्वी मोल्डोफ्स्की यांचा 1975 चा प्रयोग आजही थक्क करतो. त्यांनी निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. मेंदूच्या आलेखावर गाढ झोपेच्या संथ, उंच लाटा दिसू लागल्या की खोलीत आवाज सोडायचा. माणूस पुरता जागा होऊ नये, फक्त झोप उथळ व्हावी, इतपतच. लागोपाठ काही रात्री असं केल्यावर ही मुलं सकाळी अंग आखडल्याची, दुखत असल्याची तक्रार करू लागली. शरीरावरच्या ठरावीक जागा दाबल्या तर पूर्वीपेक्षा जास्त कळ येई. कुणी ओझं उचललं नव्हतं, कुणाला मार लागला नव्हता. निवांत झोपू दिल्यावर दुखणं ओसरलं. पुढच्या वर्षी त्यांनी स्वप्नांच्या झोपेत असाच अडथळा आणून पाहिला, तेव्हा अंगदुखी उद्भवली नाही. इतरांच्या प्रयोगांत निकाल दर वेळी इतके स्वच्छ आले नाहीत, तरी गाढ झोपेचा धागा हाती लागला तो इथेच.

हे घडतं कसं? दुखण्याचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे चढतो, तसा मेंदूकडूनही एक हुकूम खाली उतरत असतो. या उतरत्या वाटेवर शरीरातच तयार होणारी अफूसारखी रसायनं, सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन वर येणारा संदेश मंद करतात. ही आपली जन्मजात वेदनाशामक यंत्रणा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मायकेल स्मिथ यांच्या गटाने 2007 मध्ये निरोगी स्त्रियांवर केलेला अभ्यास नेमका तिच्याबद्दलचा आहे. काही जणींना रात्रभर पुन्हा पुन्हा उठवलं. काही जणींना जवळपास तेवढीच झोप दिली, पण सलग. वेदना दाबण्याची ताकद घटली ती वारंवार उठवलेल्यांची, आणि आपोआप दुखण्याच्या तक्रारीही त्यांच्याच वाढल्या. 2019 मध्ये बर्कली इथे रात्रभर जागवलेल्या तरुणांच्या पायाला उष्णतेचा चटका देऊन मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा वेदना नोंदवणारा भाग जास्त चेतलेला आणि तिला आवर घालणारे भाग मंदावलेले दिसले.

मुंबईच्या उपनगरांतली झोप कमी असते हे सगळेच बोलतात. ती तुटक असते, याची मला अधिक काळजी वाटते. रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल जाते आणि पहाटे चारच्या आसपास पहिली सुटते. त्या दोन गाड्यांच्या मधल्या वेळात माणसं घरी झोपतात किती? पाण्याच्या वेळेला हंडे भरायला उठणारी घाटकोपरच्या डोंगरवस्तीतली बाई पुन्हा आडवी होते ती नावापुरती. मालाड-अंधेरीच्या कॉल सेंटरमधली मुलं अमेरिकेच्या दिवसाला बांधलेली असतात, आणि त्यांच्या वाट्याची रात्र बेल, ड्रिल आणि शिट्ट्या यांच्यात उजाडलेली असते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. गजबजलेल्या एलबीएस मार्गाला लागून राहणाऱ्याने खिडकी उघडली की ही मर्यादा कागदावरच राहते.

झोप तोडणारं एक कारण मात्र बाहेरून येत नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांची झोप तपासली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 19.5 टक्के पुरुषांचा श्वास झोपेत वारंवार अडखळत होता, आणि 7.5 टक्क्यांना त्यासोबत दिवसा पेंगही येत होती. घशाचा मार्ग मिटतो, प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, आणि सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. डेट्रॉइटमधल्या 2011 च्या एका छोट्या अभ्यासात तीव्र स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांनी बोट तापवणाऱ्या दिव्याखालून किती वेळात काढलं ते मोजलं. श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र रात्री लावल्यावर बोट अधिक वेळ टिकू लागलं, आणि यंत्र दोन रात्री काढल्यावर पुन्हा लवकर मागे आलं.

स्त्रियांबाबत नॉर्वेतला पुरावा बोलका आहे. 12 हजारांहून अधिक स्त्रियांचा दहा वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा ज्यांना सुरुवातीला नेहमी झोपेचा त्रास होता त्यांच्यात फायब्रोमायल्जिया, म्हणजे सर्वांगाचं चिवट दुखणं, सुमारे साडेतीन पट आढळलं. 1990 च्या निकषांत या आजाराचं निदान दुखऱ्या जागा दाबून होत असे. 2010 च्या निकषांत सकाळी ताजंतवानं न वाटणं हेही लक्षण धरलं गेलं. आपल्याकडे घरातल्या बाईच्या अंगदुखीला अजून वयाचा किंवा कामाचा शिक्का बसतो आणि तिच्या झोपेबद्दल कुणी विचारत नाही, हे मला फार खटकतं.

उपचारही दोन्ही टोकांनी करावे लागतात. निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचारात उठण्याची वेळ ठरवून घेतात आणि अंथरुणातला जागा वेळ कमी करतात. झोप त्याने नक्की सुधारते, दुखण्यावरचा परिणाम बेताचा असतो. औषधांच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. मॉर्फिन, ट्रामाडोल यांसारखी वेदनाशामकं आणि काही झोपेच्या गोळ्या श्वास मंद करतात. म्हणून मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णाने ही औषधं सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं आणि गरज असल्यास आधी स्लीप स्टडी करून घ्यावी. घोरणाऱ्याला स्वतःला याची कल्पना नसते, तेव्हा शेजारी झोपणाऱ्या माणसाने सोबत गेलेलं बरं.