बाटली आडवी, ढोली उभी

नाशिकला नोकरी करणारा माझा भाचा गेल्या दिवाळीत म्हणाला, ‘‘मामाजी, वाइन स्वस्तातली असली तरी नीट ठेवली की चांगली लागते. त्यासाठी महागडे कपाट लागत नाही.’’ मग त्याने सारे समजावून सांगितले. जागा अंधारी आणि गार हवी, बारा-पंधरा अंशांची असली तर उत्तम. बुचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओले राहते आणि हवा आत शिरत नाही. फिरकीच्या झाकणाची उभी चालते. उघडलेली फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायची.

मी म्हटले, ‘‘बाबा रे, चामोर्शीत हे ज्ञान घेऊन काय करू?’’ मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे एक. दुसरे म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि वाइनही त्यात आलीच. शेजारच्या चंद्रपुरात बंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. आमची टिकली. ती लोकांनी, विशेषतः बायांनी, भांडून मिळवलेली आहे.

पण त्याचे नियम ऐकताना मला आईची ढोली आठवली. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोह गळतो. वेचलेली पांढरट फुले अंगणात वाळून मनुकांसारखी तांबूस झाली, की ती शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या ढोलीत जात. तोंड घट्ट बंद. खर्च म्हणाल तर शून्य! फरक एवढाच, की द्राक्षाचा रस आंबल्यावर जपायचा आणि मोह आंबू नये म्हणून जपायचा. सुक्या फुलात साखर भरपूर. ओल लागली की ते आपोआप आंबू लागते.

एका श्रावणात ढोलीला तडा गेला आणि वास रस्त्यापर्यंत पोचला. आई तर भट्ट्यांविरुद्धच्या मोर्चात पुढे चालणारी! ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मंडळाच्या बायांना स्वतः बोलावून ढोली उघडून दाखवली. बिघडलेला मोह उकिरड्यावर गेला, उरलेला भाजून, जवस घालून कुटला. त्याच बायांनी लाडू वळले.

राज्य शासनाने मोहफुलांच्या साठवणुकीवरचे निर्बंध २०२१ मध्ये उठवले. तोवर आई राहिली नव्हती.

भाचा यंदा चैत्रात येतो आहे. बाटली नाशकातच ठेव, पण लाडवांसाठी रिकामा डबा आण, असे त्याला बजावले आहे.