रेघ चुकली की जॉब गेला! एका स्क्रूवर दोन आटे पाडून ही चूक कशी टाळतात?

नगर म्हटलं की अनेकांना लुना आठवते. ती नगरच्या कायनेटिकच्या कारखान्यात बनायची. आजही नागापूर आणि सुपा एमआयडीसीत लोखंडाला आकार देणारी वर्कशॉप आहेत. तिथलं बरंचसं काम एका बारीक रेघेपासून सुरू होतं.

आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्यांना हे माहीत असेल. आधी जॉबला निळा रंग लावायचा, मग टोकदार स्क्राइबरने रेघ मारायची आणि त्या रेघेपर्यंत कानस चालवायची. रेघ आत गेली तर जास्त मटेरियल कापलं जातं, आणि कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. जॉब थेट भंगारात.

कडेला समांतर रेघ मारायला मार्किंग गेज लागतं. एक दांडी, तिच्या टोकाला कडक पोलादाची धार आणि दांडीवर सरकणारा ठोकळा. ठोकळा जॉबच्या कडेला टेकवून ओढला की रेघ तयार.

अडचण येते माप लावताना. ठोकळा हाताने सरकवला की तो हवा तिथे थांबत नाही. स्टीलच्या पट्टीवर तर अर्ध्या मिलीमीटरच्या खालच्या खुणाच नसतात.

यावरचा उपाय म्हणजे दोन आट्यांचा स्क्रू. दांडीवर दोन ठोकळे घ्यायचे. मागचा दांडीला घट्ट आवळायचा, पुढचा सरकता ठेवायचा. दोघांना जोडणाऱ्या स्क्रूच्या एका बाजूला एम-६ चा आटा, दुसऱ्या बाजूला एम-५ चा, दोन्ही उजवे.

आता गणित बघा. एक फेरा दिला की एम-६ मुळे स्क्रू १ मिमी पुढे जातो. त्याच फेऱ्यात एम-५ पुढच्या ठोकळ्याला ०.८ मिमी मागे ओढतो. म्हणजे ठोकळा सरकला फक्त ०.२ मिमी! स्क्रूच्या डोक्यावर २० खुणा केल्या, तर एक खूण म्हणजे ०.०१ मिमी.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आट्यात थोडी ढिलाई असतेच, म्हणून माप नेहमी एकाच दिशेने फिरवत लावा. आणि रेघेलाही जाडी असते, त्यामुळे शेवटचं माप मायक्रोमीटरनेच तपासा.

तुमच्या वर्कशॉपमध्ये मार्किंगसाठी काय वापरता? कमेंटमध्ये सांगा.